हदीसबोध : गल्ली तिने निवडावी



हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक छोटा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. बुद्धीत काही उणीव असलेली एक स्त्री प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे काही काम घेऊन आली. प्रेषितांनी (स.) तिला अमक्याची आई म्हणून मानाने संबोधले, कोणत्या गल्लीत थांबून बोलायचे ते तिलाच ठरवायला सांगितले आणि तिचे काम पुरे होईपर्यंत तिच्यासाठी वेळ दिला.

या प्रसंगात तीन गोष्टी आहेत : मान, निवड आणि वेळ. आपल्या घरातील बौद्धिक दिव्यांग भावाचे, बहिणीचे, मावशीचे उतारवय कसे जात आहे, हे याच तीन गोष्टींवरून पडताळून पाहा.

पूर्वी अशा व्यक्तींना दीर्घायुष्य क्वचितच लाभे. आता उपचार सुधारले आहेत. डाउन सिंड्रोम असलेले अनेक जण साठीपर्यंत जगतात. आईवडील अल्लाहच्या भेटीस जातात आणि पन्नाशीचे लेकरू मागे राहते. मग भाऊ वाटणी करतात : सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. कोठे राहायचे, हे त्याला कोणी विचारले का? केस पिकले तरी आपण त्याला ‘मुन्ना’च म्हणतो आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतो. याला सांभाळणे म्हणता येईल, सन्मान म्हणता येणार नाही.

सूरह अन-निसाच्या पाचव्या आयतीत, अपुरी समज असलेल्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नका, असा आदेश आहे. त्याच आयतीत, त्या मालातून त्यांना खाऊपिऊ घाला, वस्त्र द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला, असेही फर्मावले आहे. आयतीचा पहिला भाग आपल्याला चटकन आठवतो. शेवटचा मात्र आपण विसरतो.

बुद्धी कमी असल्याने वारशातील हिस्सा तसूभरही कमी होत नाही. “त्याला पैशातले काय कळते?” असे म्हणून त्याचा हिस्सा आपल्या दुकानात घालणे ही अमानतीतील खयानत होय. वलीने न्यायाने वागावे, ही सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीची शिकवण आहे. म्हणून त्याच्या पैशांचा हिशेब वेगळा लिहा. त्याच्या मालावरील जकातीबाबत हनफी व शाफई मते भिन्न आहेत. आपल्या मसलकच्या आलिमांना विचारा.

भाऊ आपोआप मालमत्तेचा वली होत नाही, हेही ध्यानात घ्या. वडिलांनी हयातीतच विश्वासू वसी नेमावा. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार १८ वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची सोय आहे.

आता वेळेविषयी. अशा व्यक्तींना दुखणे शब्दांत सांगता येतेच असे नाही. कोणी एकाएकी चिडू लागला, जेवेनासा झाला, नेहमीची वाट विसरू लागला, तर “तो आहेच तसा” म्हणून सोडून देऊ नका. दात दुखत असेल, ऐकू कमी येत असेल, थायरॉइडचा विकार असेल. डाउन सिंड्रोममध्ये तर स्मृतिभ्रंश चाळिशी-पन्नाशीतही सुरू होऊ शकतो. वर्षातून एकदा तरी डोळे, कान, दात आणि रक्त तपासून घ्या. ही सेवा एकट्या भावजयीवर टाकू नका. ज्याचा तो भाऊ, त्याचे ते पहिले कर्तव्य.

ज्याला समज नाही, त्याच्यावर शरीअतने नमाज-रोजाचा भार टाकलेला नाही. परंतु भार उतरला म्हणजे मस्जिदचे दार बंद झाले, असे नव्हे. जुम्याला त्याला सोबत आणा, सफीत जवळ उभे करा. कोणता कुर्ता घालायचा, ते त्याला ठरवू द्या. त्याला त्याच्या पूर्ण नावाने सलाम करा.

तुम्हाला मिळणारी मदत आणि रोजी तुमच्यातील दुर्बलांमुळेच आहे, अशा आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. ज्याला आपण पोसतो असे समजतो, कदाचित त्याच्यामुळेच आपली चूल पेटत असेल.

अल्लाह तआला आपल्याला ही अमानत सन्मानाने जपण्याची तौफीक देवो. आमीन.