आधी थांबणे, मग टिकणे, मग पळणे

मोटारसायकल शर्यतीसाठी तयार करायची म्हणजे तिचा वेग वाढवायचा, अशी माझी समजूत होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरला मामांच्या गॅरेजमध्ये तीन आठवडे काढल्यावर ती पार बदलली. मामा आणि त्यांचे एक मित्र जुनी राजदूत ३५० चेन्नईच्या ट्रॅकवर नेण्यासाठी तयार करत होते. मी पंधरा वर्षांचा, परवाना नाही, त्यामुळे गाडीवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या वाट्याला पाना, फडके आणि तपासणीची यादी आली. तिथे जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

गाडीची ओळख

यामाहा या जपानी कंपनीच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती म्हणजे राजदूत ३५०. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ पासून त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनवली. हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर आणि सहा गिअर. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहा, दोन्ही सिलिंडर मिळून ३४७ घन सेंटिमीटर येतात. सुरुवातीच्या गाडीची ताकद ३०.५ अश्वशक्ती होती, पुढच्या आवृत्तीत ती २७ वर आणली गेली. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडच्या गाडीला ड्रम. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आपल्या शाळेतील वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट. चेन्नईजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानांची धावपट्टी होती. युद्धानंतर तिच्यावर अनेक वर्षे मोटारी आणि मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतीसाठीच बांधलेला ट्रॅक सुरू झाला. मामांची गाडी तिकडेच जाणार होती.

पहिली पायरी : नको ते काढणे

हेडलाइट, इंडिकेटर, आरसे आणि दोन्ही स्टँड काढले. गाडी पडली तर काचेचे तुकडे ट्रॅकवर पसरतात आणि मागून येणाऱ्याच्या टायरमध्ये घुसतात. स्टँडचे कारण वेगळे आहे. वळणावर गाडी खूप झुकते, तेव्हा स्टँड जमिनीला घासून चाक उचलले जाऊ शकते.

दुसरी पायरी : थांबणे

इंजिनला हात लावण्याआधी मामांनी ब्रेक उघडले. मी कारण विचारले तर त्यांनी मला गणित घातले. गाडी आणि स्वार मिळून २२० किलो धरा. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाला गतिज ऊर्जा २४,७५० ज्यूल येते. वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, की ऊर्जा ९९,००० ज्यूल होते. वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट! थांबताना यातली बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. ड्रम सगळीकडून बंद असतो, त्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. रस्त्यावर दोन ब्रेकमध्ये गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा ब्रेक लागतो, लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते.

म्हणून नवे लायनर बसवले, ते ड्रमला पूर्ण टेकतात का हे खडू लावून पाहिले आणि ब्रेकची केबल नवी घातली. मग टायर. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. २४१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या चोविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते आणि पकड देत नाही. या गाडीचे दोन्ही टायर बदलले. चाकांचे बेअरिंग, हँडलचे बेअरिंग आणि मागच्या फोर्कचे बुश हलवून तपासले. प्रत्येक स्पोक पान्याने टकटक करून ऐकला. ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो.

तिसरी पायरी : टिकणे

जोराने फिरणारे इंजिन थरथरते आणि थरथरीने बोल्ट सैल होतात. महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार ओवतात आणि पीळ देऊन पक्की बांधतात. तार अशा दिशेने ओढायची की बोल्ट सुटायला लागला तर ती त्याला घट्ट होण्याच्या बाजूला खेचेल. हे काम विमानांच्या इंजिनातही करतात.

इथेच माझी चूक झाली. यादीत ४२ कामे होती. प्रत्येकापुढे खूण करायची जबाबदारी माझी. एकविसावे काम होते गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टची तार. सकाळी मामांना त्या बोल्टला भोक पाडताना मी पाहिले होते. जेवायची वेळ झाली होती. मी खूण केली.

संध्याकाळी मामा बॅटरी घेऊन गाडीखाली झोपले. बोल्टला तार नव्हतीच. जुने ऑइल ठिबकत होते म्हणून त्यांनी तो नुसता बोटाने फिरवून ठेवला होता. ते म्हणाले, "यादी बघून खूण केलीस, की बोल्ट बघून?"

मला उत्तर देता आले नाही. तो बोल्ट ट्रॅकवर पडला असता तर आतले लिटरभराहून अधिक ऑइल थेट मागच्या चाकासमोर सांडले असते. आधी मामांचे मित्र घसरले असते, नंतर त्याच वळणावर मागून येणारे. माझी पेन्सिलची एक रेघ, आणि पडणारी माणसे माझ्या ओळखीचीही नसती.

मामा रागावले नाहीत. त्यांनी कोरी यादी दिली आणि म्हणाले, "पहिल्यापासून." रात्री साडेदहापर्यंत मी ४२ जागी स्वतः हात लावला. चौतिसाव्या कामाला मागच्या ब्रेकच्या टॉर्क रॉडच्या नटात स्प्लिट पिन नसल्याचे दिसले. तो रॉड सुटला तर ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकते. हे तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मामांनी काही न बोलता नवी पिन माझ्या हातात दिली.

चौथी पायरी : पळणे

वेगाची पाळी सर्वांत शेवटी आली. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. मामांनी ऑइलचा पंप काढून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे ठरवले. प्रमाण ३० ला १, म्हणजे ६ लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर ऑइल.

आता हवेचा विचार. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, चेन्नई समुद्राकाठी. तापमान सारखे धरले तर चेन्नईची हवा सहा-सात टक्के दाट. कोल्हापुरात बरोबर असलेले मिश्रण तिथे पेट्रोलला कमी पडते. कमी पेट्रोल म्हणजे जास्त उष्णता आणि कमी वंगण. पिस्टन फुगतो, इंजिन सीझ होते आणि भर वेगात मागचे चाक अडकते. म्हणून मोठे जेट सोबत घ्यायचे आणि तिथे प्लग पाहायचा. पूर्ण थ्रॉटलवर धावताना क्लच दाबून इंजिन बंद करतात आणि प्लग काढून बघतात. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा आणि ओला असेल तर जास्त, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करायची. त्याने गाडी थोडी मंद पळते, पण इंजिन वाचते.

शेवटी

सुट्टी संपून मी शाळेत परतल्यावर गाडी चेन्नईला गेली. मामांचा फोन आला. तपासणी करणाऱ्यांनी ड्रेन बोल्टची तार बोटाने ओढून पाहिली होती. गाडी दोन दिवस चालली आणि मित्र स्वतःच्या पायांनी घरी आले. फेरीची वेळ किती लागली, हे मी विचारायचेच विसरलो.

या सत्रात आमच्या हाऊसमधील आगीच्या बादल्यांची यादी माझ्याकडे आहे. बादल्या दुरून भरलेल्याच दिसतात. मी प्रत्येक बादलीत हात घालतो, वाळू कोरडी आहे का ते पाहतो आणि मगच खूण करतो.