मनोविकलता आणि फौजदारी न्याय : तीन टप्पे, तीन प्रश्न

कोणत्याही कृत्याला शिक्षा करण्यापूर्वी ते करणाऱ्याचे मन पाहिले पाहिजे, हे तत्त्व सर्व सुधारलेल्या न्यायपद्धतींनी स्वीकारलेले आहे. चार वर्षांच्या बालकाच्या हातून दिवा कलंडून घर पेटले, तर त्या बालकास कोणी गुन्हेगार म्हणत नाही. ज्याची विवेकशक्तीच आजाराने हिरावून घेतली आहे, अशा प्रौढ व्यक्तीच्या बाबतीतही कायदा याच न्यायाने विचार करतो. असे असले तरी या विषयासंबंधी समाजात बरेच गैरसमज रूढ आहेत. वेडाचे सोंग घेतले की आरोपी सुटतो, असे एका बाजूस मानले जाते. तर दुसऱ्या बाजूस खरोखरीच आजारी असलेला मनुष्य वर्षानुवर्षे कारागृहात खितपत पडतो आणि त्याची दाद कोणी घेत नाही.

हा गोंधळ होण्याचे मुख्य कारण असे की, मनोविकलतेचा प्रश्न खटल्याच्या ओघात एकदाच नव्हे तर तीन निरनिराळ्या वेळी उपस्थित होतो. कृत्य घडले त्या क्षणी आरोपीचे मन कसे होते, हा पहिला प्रश्न. खटला चालू असताना त्यास स्वतःचा बचाव करता येतो काय, हा दुसरा. आणि शिक्षा ठरविताना व ती अंमलात आणताना त्याची मनःस्थिती कशी आहे, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांच्या कसोट्या व परिणाम वेगवेगळे आहेत.

कृत्याच्या क्षणीचे मन

या विषयाच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ इंग्लंडमधील १८४३ च्या एका खटल्यापासून मानला जातो. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या इसमाने पंतप्रधान सर रॉबर्ट पील समजून त्यांच्या चिटणिसावर गोळी झाडली. आपला छळ होत आहे, या भ्रमाने तो पछाडलेला होता. ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. त्यावर मोठी खळबळ उडाली व सरदारसभेने न्यायाधीशांना काही प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांतून जे नियम सिद्ध झाले, त्यांची छाया १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ वर पडली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २२ म्हणून आलेली आहे.

या तरतुदीचा आशय असा की, कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जी व्यक्ती आपल्या कृत्याचे स्वरूप जाणण्यास, अथवा आपण करतो ते चुकीचे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ असेल, तिचे कृत्य अपराध ठरत नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, केवळ मानसिक आजार असणे पुरेसे नाही. वैद्यकीय दृष्ट्या आजारी असलेल्या अनेक व्यक्तींची बरेवाईट ओळखण्याची शक्ती शाबूत असते. म्हणूनच न्यायालये वैद्यकीय मनोविकलता व कायदेशीर मनोविकलता यांत भेद करतात. शीघ्रकोपीपणा, विक्षिप्त स्वभाव किंवा स्वेच्छेने केलेली नशा यांस या तरतुदीचा आधार मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, आदल्या वर्षी अथवा नंतर काय होते यापेक्षा त्या नेमक्या वेळी काय होते, यास महत्त्व आहे.

मात्र त्या क्षणी आरोपीच्या मनात डोकावण्याचे कोणतेही यंत्र न्यायालयाजवळ नसते. म्हणून घटनेपूर्वीची, घटनेच्या वेळची आणि घटनेनंतरची परिस्थिती जोडून पाहावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली गुजरातमधील एका प्रकरणात यासंबंधी जे विवेचन केले, ते आजही मार्गदर्शक मानले जाते. प्रत्येक मनुष्य शहाणा आहे, असे कायदा गृहीत धरतो व मनोविकलता शाबीत करण्याचा भार आरोपीवर टाकतो. परंतु हा भार दिवाणी दाव्यातील पक्षकाराइतकाच, म्हणजे संभाव्यतेच्या तराजूवर तोलण्याइतकाच असतो. इतकेच नव्हे, तर मनोविकलता पूर्णपणे सिद्ध झाली नाही, तरी पुढे आलेल्या पुराव्यामुळे आरोपीच्या गुन्हेगारी हेतूविषयी वाजवी संशय निर्माण झाल्यास त्या संशयाचा फायदा त्यास मिळतो.

हा विचार प्रत्यक्षात कसा लागू होतो, हे महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या व २००२ साली निकाल झालेल्या एका प्रकरणावरून स्पष्ट होते. आरोपीवर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. त्याच्या कुटुंबात मानसिक आजाराचा इतिहास होता. घटनेच्या आधीपासून त्याच्यावर संशयग्रस्त छिन्नमनस्कतेसाठी उपचार चालू होते आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्यास पंचवीस वेळा उपचारासाठी रुग्णालयात न्यावे लागले होते. खुनाचा हेतू दुबळा होता. कृत्य दिवसाढवळ्या घडले होते. आरोपीने पळून जाण्याचा अथवा लपण्याचा प्रयत्न केला नव्हता. या सर्व दुव्यांचा एकत्रित विचार करून न्यायालयाने त्यास कलम ८४ चा लाभ दिला. यातील कोणताही एक दुवा एकट्याने निर्णायक नव्हता. रुग्णालयाच्या नोंदी जपल्या गेल्या नसत्या, तर हे चित्र उभेच राहिले नसते.

तपासी अधिकाऱ्यांचीही या बाबतीत विशेष जबाबदारी आहे. आरोपीस पूर्वी मानसिक आजार होता असे तपासात दिसून आल्यास त्याची वैद्यकीय तपासणी करून घेणे व तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे प्रामाणिक तपासाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. महाराष्ट्रातीलच एका खून खटल्यात २०१८ मध्ये आरोपीस संशयाचा फायदा देताना हेच तत्त्व पुन्हा लावण्यात आले. अशी तपासणी न करणे हा अभियोग पक्षाच्या बाजूतील गंभीर दोष ठरू शकतो.

निर्दोष ठरणे म्हणजे मोकळे सुटणे नव्हे

मनोविकलतेच्या कारणाने निर्दोष ठरलेला आरोपी त्याच दिवशी घरी जातो, ही समजूत निराधार आहे. अशा निकालात आरोपीने ते कृत्य केले किंवा कसे, याविषयी न्यायालयास स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा लागतो. कृत्य त्याच्या हातून घडल्याचे आढळल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार त्यास सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा, अथवा योग्य तारण घेऊन नातेवाइकाच्या वा स्नेह्याच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला जातो. स्वतःस व इतरांस इजा होणार नाही, याची हमी त्यात अभिप्रेत असते. शिक्षेऐवजी उपचार आणि समाजाचे संरक्षण, असा दुहेरी हेतू या तरतुदीमागे आहे.

खटल्याच्या वेळचे मन

गुन्ह्याच्या वेळी शहाणा असलेला मनुष्य खटल्याच्या वेळी आजारी असू शकतो. ज्यास आपल्यावरील आरोप समजत नाही, साक्षीदार काय सांगतो हे कळत नाही, वकिलास माहिती देता येत नाही, त्याचा खटला चालविणे म्हणजे त्याच्या गैरहजेरीत न्याय करण्यासारखेच होय. म्हणून आरोपी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ असल्याचे दिसल्यास न्यायालयाने प्रथम तेवढ्याच मुद्द्याची चौकशी करावी, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलमे ३६७ व ३६८ मध्ये सांगितले आहे. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ अथवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचे मत घेतले जाते. आरोपी असमर्थ ठरल्यास आणि त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा असल्यास उपचारास लागेल तेवढ्या काळापुरता खटला तहकूब ठेवला जातो. पुरावाच नसल्यास त्यास दोषमुक्त करावयाचे असते.

बौद्धिक अक्षमतेचा विचार येथे वेगळा करावा लागतो. मानसिक आजार औषधोपचाराने आटोक्यात येऊ शकतो. बौद्धिक अक्षमता ही जन्मतः अथवा बालपणापासूनची व कायमची अवस्था असते. औषधांनी ती दूर होत नसल्याने अशा आरोपीचा खटला उपचाराची वाट पाहत तहकूब ठेवण्यात काहीच अर्थ नसतो. २००८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत झालेल्या दुरुस्तीने हा भेद कायद्यात आला. अशा व्यक्तीचा खटला पुढे न चालविता तिच्या देखभालीची व प्रशिक्षणाची सोय पाहावी, अशी दिशा त्या दुरुस्तीने दाखविली. प्रश्न विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येक गोष्टीला होकार देण्याची प्रवृत्ती अशा व्यक्तींमध्ये पुष्कळदा आढळते. त्यांचा जबाब नोंदविताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

तहकुबीची तरतूद आरोपीच्या हितासाठी आहे. पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर तीच त्याच्यासाठी जन्मठेप होऊन बसते. बिहारमधील हजारीबाग कारागृहात मनोविकल म्हणून ठेवलेले काही बंदी बरे झाल्यानंतरही दोन-तीन दशके तेथेच अडकून पडल्याचे १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे उघड झाले व त्यांच्या सुटकेचे आदेश द्यावे लागले. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक आदिवासी इसम खटला न चालताच ५४ वर्षांनी, २००५ मध्ये बाहेर आला. मधल्या काळात रुग्णालयाने तो बरा झाल्याचे कळविलेले होते. अशा घटनांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निर्देश दिले. रुग्णालयांनी अशा कच्च्या कैद्यांविषयीचे अहवाल न्यायालयास वेळोवेळी पाठवावेत, आणि मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात आरोपीने कमाल शिक्षेइतका काळ कोठडीत काढला असल्यास प्रकरण संपले असे मानावे, असा त्यांचा आशय आहे.

शिक्षेच्या वेळचे मन

कलम २२ ची कसोटी कठोर आहे. ती पूर्ण न करणारा, परंतु खरोखरीच आजारी असलेला आरोपी दोषी ठरतो. त्याच्या आजाराचा विचार मग शिक्षेच्या टप्प्यावर करावा लागतो. मृत्युदंड केवळ विरळातील विरळ प्रकरणी द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरविले, तेव्हाच तीव्र मानसिक अस्वस्थता ही शिक्षा सौम्य करणारी बाब म्हणून विचारात आली. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने मृत्युदंड झालेल्या पंधरा बंद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावरील निर्णयास झालेल्या अवाजवी विलंबाबरोबरच काही बंद्यांची मनोविकलताही त्यात कारण ठरली. फाशीच्या अंमलबजावणीपूर्वी बंद्याच्या मानसिक आरोग्याची तपासणी आवश्यक असल्याचेही न्यायालयाने सांगितले.

एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात न्यायालयाने याच्या पुढचे पाऊल टाकले. अतिशय निर्घृण गुन्ह्यासाठी मृत्युदंड झालेला हा बंदी पुढे तीव्र मानसिक आजाराने ग्रस्त झाला होता. निकालपत्रात त्याचे नाव प्रसिद्ध करण्यात आले नाही. आपणास ही शिक्षा का होत आहे, हे ज्यास समजतच नाही, त्याला फाशी देण्यात शिक्षेचा हेतू साध्य होत नाही, अशी या निर्णयामागील भूमिका आहे. आजार पुरेसा तीव्र आहे काय, ही कसोटी न्यायालयाने घालून दिली व ती सिद्ध करण्याचा भार बंद्यावर ठेवला. मृत्युदंड रद्द झाला, पण त्याबरोबरच कोणतीही सूट न मिळता उर्वरित आयुष्य कारागृहात काढण्याचा आदेशही देण्यात आला. गुन्ह्यातील बळींचे दुःख आणि आजारी मनुष्याची प्रतिष्ठा या दोहोंची दखल या आदेशात दिसते. पुढे २०२२ मध्ये, मृत्युदंडास पात्र प्रकरणी आरोपीचे मानसिक मूल्यमापन शासनाने सत्र न्यायालयापुढे वेळीच ठेवावे, असेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

कारागृहातील रुग्ण

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारणे बंधनकारक आहे. कारागृहात मानसिक आजार असलेले बंदी नाहीत, अशा आशयाचा तिमाही अहवाल कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने संबंधित मंडळास पाठवावयाचा असतो. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. कारागृह, रुग्णालय आणि न्यायालय या तिघांमधील पत्रव्यवहार किती तत्परतेने होतो, यावर एखाद्या बंद्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

कुटुंबाने काय करावे

घरातील व्यक्तीच्या मानसिक आजाराविषयी लोकलाजेस्तव मौन बाळगण्याची प्रवृत्ती अजूनही दिसून येते. उपचाराचे कागद फाडून टाकले जातात अथवा दूरच्या गावी नाव न सांगता औषध घेतले जाते. प्रसंग ओढवल्यानंतर मात्र तेच कागद मोलाचे ठरतात. म्हणून औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयाची कार्डे व दाखल्यांच्या प्रती जपून ठेवणे इष्ट होय. अटक झाल्यास आजाराची माहिती तपासी अधिकाऱ्यास व दंडाधिकाऱ्यास पहिल्याच संधीस लेखी द्यावी. पुढे अपिलाच्या वेळी प्रथमच सांगितलेल्या आजारावर विश्वास बसणे कठीण जाते.

कोठडीत असलेल्या तसेच दिव्यांग व्यक्तीस, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यासाठी प्रत्येक जिल्ह्यातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकारी व पोलीस अधिकारी यांचे कायदेशीर कर्तव्य आहे.

कायद्याची चौकट आज पुष्कळ अंशी पूर्ण झालेली आहे. आता गरज आहे ती ठाणे अंमलदारापासून कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाने योग्य टप्प्यावर योग्य प्रश्न विचारण्याची, आणि आजारी माणसाच्या घरच्यांनी त्याचे उत्तर संकोच सोडून देण्याची. तसे झाले, तर खोटे सोंग न्यायालयात टिकणार नाही आणि खरा रुग्ण कारागृहाच्या भिंतीआड विसरला जाणार नाही.