नोट्स ॲपमधल्या नोंदींपासून वर्गाची वेबसाइट



माझी बदली झाल्यावर जुन्या शाळेत आलेल्या ताईंचा फोन आला, "मॅडम, लोणार सरोवराचा तो पाठ पाठवा ना." पाठ होता, पण जुन्या मोबाईलच्या नोट्स ॲपमध्ये! आणि तो मोबाईल कधीच बंद पडला होता. मुलांचे प्रश्न, मी जमवलेली उदाहरणं, सगळं गेलं. ग्रुपवर पाठवलेलं म्हणाल तर ते शुभेच्छांच्या ढिगाखाली. तेव्हा मी ही पद्धत शिकले. चला, समजून घेऊ या.

स्टॅटिक वेबसाइट म्हणजे काय?

पाहुणा आला की कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या, ही झाली एक पद्धत. अनेक वेबसाइट अशाच चालतात. कोणी पान उघडलं की सर्व्हर डेटाबेसमधून माहिती काढून पान तयार करतो. स्टॅटिक वेबसाइट म्हणजे सकाळीच भरून ठेवलेला डबा. पानं आधीच तयार असतात, मागितली की फक्त द्यायची. डेटाबेस नसल्याने बिघडायला फारसं काही नसतं. पान साधं ठेवलं तर खेड्यातल्या कमी रेंजमध्येही उघडतं. मात्र ऑनलाइन चाचणी, अभिप्राय यांसाठी वेगळी सेवा जोडावी लागते.

नोंद कशी लिहायची?

ऑब्सिडियन या मोफत ॲपमध्ये प्रत्येक नोंद ही आपल्याच फोल्डरमधली साधी मजकूर फाइल असते. उद्या ॲप बंद पडलं तरी फाइल कुठेही उघडते. लिहिण्याची पद्धत मार्कडाउन, जॉन ग्रूबर यांनी 2004 मध्ये आणलेली. ओळीआधी # आणि मोकळी जागा दिली की शीर्षक, आणि [[ ]] या दुहेरी कंसात दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलं की दुवा तयार.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. तीन नोंदी करा:

1. लोणार सरोवर – बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेलं, सुमारे 1.8 किमी व्यासाचं विवर. पाणी खारट आणि अल्कधर्मी.
2. रामसर स्थळ – लोणारला हा दर्जा 2020 मध्ये मिळाला.
3. गुलाबी पाणी – जून 2020 मध्ये पाण्याचा रंग बदलला, कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

पहिल्या नोंदीतून बाकी दोन जोडल्या की पाठाचं जाळं विणलं जातं. मूल एका प्रश्नावरून दुसऱ्याकडे आपणच जातं.

वेबसाइट कशी होते?

1. संगणकावर नोड आणि गिट ही दोन साधनं बसवा.
2. क्वार्ट्झ हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. तो दुहेरी कंसातले दुवे ओळखतो.
3. नोंदी त्याच्या 'कंटेंट' फोल्डरमध्ये ठेवा आणि आधी आपल्याच संगणकावर पान पाहा.
4. मग गिटहब पेजेसवर चढवा. तिथे साइट 1 जीबीपर्यंत ठेवता येते. म्हणून व्हिडिओ चढवू नका, फोटो लहान करा.

पहिल्यांदा दोन-तीन संध्याकाळी जातात, खोटं कशाला सांगू? नंतर मात्र नवीन नोंद लिहायची आणि पाठवायची, एवढंच.

इथे जपा

- गिटहबच्या मोफत खात्यावर पेजेससाठी मूळ फाइलीही सर्वांना दिसतात. नोंदीवर 'ड्राफ्ट' लिहिलं तर पान वेबसाइटवर येत नाही, पण फाइल तिथे दिसतेच. पुसली तरी गिटच्या इतिहासात राहते. म्हणून मुलांची नावं, गुण, फोटो, पालकांचे नंबर या फोल्डरमध्ये कधीच नकोत. त्यांचा फोल्डर पूर्ण वेगळा.
- पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून टाकू नका. ते लेखन आपलं नाही.
- मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर वेबवर अगम्य अक्षरं होऊन बसतो.
- फाइलची नावं रोमन अक्षरांत ठेवा, पत्ता सुटसुटीत राहतो. मराठी नाव आत शीर्षकात द्या.

पालकहो, तुमचाही वाटा आहे. आजीच्या ओव्या, गावातल्या जुन्या विहिरीची माहिती मुलांकडून लिहून घ्या. आजीला विचारून ती आमच्याकडे पाठवा.

शिक्षकाची बदली होणारच. पाठाची मात्र व्हायला नको. आज एकच नोंद लिहून बघा.