पहाटे तीनला उघडणारे डोळे

वस्तीत झोपेचा विषय निघाला की ठरलेली उत्तरे मिळतात. कुणी वयाचे कारण सांगते, कुणी डासांचे, कुणी टेन्शनचे. एका खोलीत सहा माणसे, रात्रपाळी, पहाटे येणारे नळाचे पाणी, ही कारणे खरीच आहेत. पण दोन आठवडे जवळजवळ रोज झोप बिघडली असेल आणि कशातच मन लागत नसेल, तर नैराश्याची, म्हणजे डिप्रेशनची, शंका घ्यावी.

हा आजार झोप तीन प्रकारे बिघडवतो. काहींना अंथरुणावर पडूनही झोप येत नाही. काहींना पहाटे दोन-तीनलाच जाग येते आणि नको ते विचार सुरू होतात. काही जण, विशेषतः तरुण, दिवसभर झोपून राहतात. घरचे त्यांना आळशी म्हणतात, पण तोही आजारच असू शकतो. नैराश्यात गाढ झोप कमी होते, म्हणून आठ तास पडूनही अंग जड राहते. उलट, फार दिवस झोप झाली नाही तरी नैराश्याचा धोका वाढतो. हे दुष्टचक्र आहे.

झोपेसाठी दारू घेऊ नका. डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्री झोप मोडते आणि उदासी वाढते. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधासारखे आहे. मेडिकलमधून मनाने झोपेच्या गोळ्याही आणू नका. त्यांची सवय लागते. रोज ठरलेल्या वेळी उठा, सकाळी उन्हात थोडे चाला, दुपारनंतर चहा टाळा.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मधेच बंद करू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत असून रात्रंदिवस सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते. कुणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

अशा वेळी भगताकडे जाऊन अंगारा लावणे आपल्याला शोभत नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करण्याचा मार्गही असतो, हे आपण धम्मातून शिकलो. तेच या आजारालाही लागू आहे. आज रात्री आपल्या घरात कोण जागे आहे, एवढे आपण प्रत्येकाने पाहू या.