एक नंबरची काच, एक मीटरची दुर्बीण

चष्म्याचा नंबर घरातल्या टेपनंही मोजता येतो. १०० ला नंबरानं भागा. जितके सेंटिमीटर येतील, तितक्या अंतरावर ती काच दूरच्या वस्तूची प्रतिमा पाडते. अधिक एकची काच १०० सेंटिमीटरवर, अधिक दोनची ५० वर, अधिक चारची २५ वर. एवढा हिशोब हातात असला की चंद्रावरची विवरं दाखवणारी दुर्बीण घरी करता येते, आणि म्हसवडसारखं त्याला सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. पावसानं कायम हात आखडता घेतलेल्या या माणदेशात दिवाळीनंतर महिनोन्महिने आभाळ निरभ्र असतं. खोक्यावर मोठाले आकडे छापलेली खेळण्यातली दुर्बीण घेण्याआधी ही करून बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

साहित्य फार नाही. चष्म्याच्या दुकानातून अधिक एक नंबरची, फ्रेमच्या मापात न कापलेली गोल काच घ्या. ती साधारण ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाची असते. सिलिंडरचा नंबर नको, हे दुकानदाराला आधीच सांगा. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं पाचपट भिंग लागेल. ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा ९० सेंटिमीटरचा तुकडा आणि त्याच्या आत सरकेल असा ६३ मिलिमीटरचा ३० सेंटिमीटरचा तुकडा हवा. ज्यांच्या शेतात पाईपलाईन झाली आहे त्यांच्या बांधावर असे तुकडे पडलेलेच असतात. शिवाय काळा जाड कागद, ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टी आणि जुन्या घोंगडीची पट्टी.

सुरुवात करण्याआधी एक ताकीद. या दुर्बिणीतून किंवा नुसत्या भिंगातून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा बघायचं नाही. डोळ्याचा पडदा भाजतो आणि भाजताना दुखतही नाही. काच उन्हात कडब्याजवळ ठेवून जाऊ नका.

आधी काच पारखून घ्या. ती डोळ्यापासून हातभर लांब धरा आणि तिच्यातून समोरच्या दाराची चौकट बघत काच डावी-उजवीकडे हलवा. चौकट काचेच्या उलट दिशेला सरकली तर नंबर अधिकचा. काचेबरोबर सरकली तर उणेचा. उणेची काच कागदावर प्रतिमा पाडत नाही, म्हणून इथं तिचा उपयोग नाही.

आता मोजमाप. दुपारी खोलीत अंधार करा, फक्त एक दार उघडं ठेवा आणि दारातून शंभरेक मीटरवरचं झाड किंवा पाण्याची टाकी दिसेल असं बघा. काच दाराकडे धरा, मागे पांढरा कागद धरून पुढेमागे सरकवा. एका जागी ते झाड कागदावर उलटं, रंगीत आणि वाऱ्यानं हलणारं उमटेल. काच ते कागद हे अंतर मोजा. मीटरच्या आसपास भरलं तर काच खरी. याच रीतीनं छोट्या भिंगाचं अंतर पाच सेंटिमीटर भरायला हवं. मोठ्या अंतराला छोट्यानं भागलं की वीस येतात. आपली दुर्बीण वीस पट मोठं दाखवणार. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा त्याच्या हातातली दुर्बीणही वीसेक पटीचीच होती. फक्त डोळ्याकडे त्यानं खोलगट भिंग लावलं होतं. दोन्हीकडे फुगीर भिंगं घेण्याची आपली रचना केप्लरनं १६११ साली मांडली.

दोन्ही पाईप आतून काळ्या कागदानं मढवा. मोठ्या पाईपच्या तोंडाशी काच बसवा, फुगीर बाजू बाहेर. काच सैल पडली तर कागदाची कडी करून आवळा. मग काळ्या कागदाच्या चकतीला मधोमध २५ मिलिमीटरचं भोक पाडून ती काचेवर लावा. एवढी मोठी काच झाकून टाकायची हे अनेकांना पटत नाही, पण साध्या काचेत निळा आणि तांबडा प्रकाश एकाच अंतरावर जमत नाहीत आणि कडेचे किरण प्रतिमा फिसकटवतात. भोक लहान केलं की उजेड कमी होतो, रेषा मात्र कोरीव दिसते. गॅलिलिओसुद्धा आपल्या काचा अशाच झाकत असे.

लहान पाईपला घोंगडीची पट्टी गुंडाळून तो मोठ्यात सरकवा. अडखळत नाही पण आपोआप घसरतही नाही, इतपत घट्ट हवा. आता भिंग लावण्याची घाई करू नका. लहान पाईपच्या टोकाला ट्रेसिंग पेपर ताणून लावा, दिवसाउजेडी नळी त्याच झाडाकडे रोखा आणि डोक्यावरून चादर घ्या. नळी सरकवत राहिलात की कागदावर झाड स्पष्ट होईल. कागदामागे पाच सेंटिमीटरवर भिंग धरून ते मोठं करून बघा. आणि आता भिंग जागचं न हलवता कागद काढून टाका. झाड तिथंच आहे, आधीपेक्षा कितीतरी उजळ! प्रतिमेला कागदाची गरजच नव्हती. ती नळीतल्या हवेत पडते आणि भिंग तिला न्याहाळतं. दुर्बिणीचं सगळं मर्म या एका क्षणात आहे, म्हणून मुलांना तो हमखास दाखवा. मग भिंग मधोमध भोक पाडलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीत पक्कं करून टोकाला बसवा.

बघताना डोळा भिंगाला चिकटवू नका, तीन बोटं मागे ठेवा. नळी उजळ आकाशाकडे करून फूटभर लांबून भिंगाकडे पाहिलं तर मण्याएवढा प्रकाशाचा ठिपका तरंगताना दिसतो. २५ ला वीसनं भागा: तो सव्वा मिलिमीटरचा असतो. बाहुली नेमकी त्या ठिपक्यावर आली की सगळा देखावा उघडतो.

नळी गच्चीच्या कठड्यावर, वाळू अर्धी भरलेल्या पिशवीत रुतवून ठेवा. हातात धरून काहीही दिसणार नाही. शुक्ल चतुर्थीपासून नवमीपर्यंतचा चंद्र सर्वांत चांगला, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्याच नसतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ झाला की पुढचा आठवडा याच कामाचा. गुरू आकाशात असेल तर त्याच्या बाजूला एका ओळीत ठिपके शोधा. शनीची कडी सुटी दिसायची नाही. शनी लांबट दिसला तरी दुर्बीण उत्तम जमली म्हणायची. गोडी लागली आणि पुढे आरशाची दुर्बीण करावीशी वाटली, तर १९४४ पासून काम करणारी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

सरकत्या पाईपवर पेन्सिलीनं मिलिमीटरच्या खुणा करून ठेवा, कारण नळी किती सरकवायची हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं. चाळिशीचा चष्मा असलेल्यांनी तो खुशाल काढून बघावं. त्यांच्या डोळ्यातलं भिंग ताठरल्यामुळे त्यांना जवळचं दिसत नाही. दुर्बीण तर लांबचं दाखवते. ज्याला लांबचं धूसर दिसतं, तो मात्र नळी आत ढकलतो: आपल्या भिंगाला दर एक नंबरामागे अडीच मिलिमीटर. उणे दोनचा माणूस पाच मिलिमीटर आत जाईल. मुलांचे डोळे स्वतःहून ताण घेऊ शकतात, त्यामुळे या खुणेवरून त्यांचा नंबर काढता येत नाही. पण एखादं मूल दरवेळी इतरांपेक्षा नळी बरीच आत ढकलत असेल, तर त्याला वर्गातला फळाही नीट दिसत नसण्याची शक्यता आहे. अशा मुलाचे डोळे त्याच आठवड्यात तपासून घ्या.