डोंगरी ससा हिंवाळा कसा काढतो?

आपल्या माळरानावरील ससा बीळ खोदून राहत नाहीं, हें गांवांतील मुलांसही ठाऊक असतें. गवतांत अंगापुरती खोलगट जागा करून तो तींत निश्चल बसतो. त्याचाच एक भाऊबंद स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगरांत राहतो. तेथें हिंवाळ्यांत बर्फ पडतें, बोंचरा वारा सुटतो, आणि उंचावर आडोशास झाड असें नसतेंच. अशा उघड्या ठिकाणीं हा प्राणी कसा जगतो तें पाहूं.

उन्हाळ्यांत त्यास कोंवळें गवत मिळतें. बर्फ पडलें म्हणजे मात्र हेदर नांवाच्या बुटक्या झुडुपाच्या काड्यांवर भागवावें लागतें. त्या तो पुढच्या पायांनीं बर्फ उकरून काढतो. असलें निकस अन्न एका खेपेस पुरतें पचत नाहीं. म्हणून आपल्याच पोटांतून पडलेल्या मऊ गोळ्या तो पुन्हां खातो व उरलेलें सत्त्व काढून घेतो. वाचकांस किळस येईल. परंतु गाय जें रवंथ करून साधते तेंच हा ह्या रीतीनें साधतो.

त्याचे कान आंखूड, म्हणून अंगांतील ऊब कमी जाते. मागचे पंजे रुंद व केंसाळ, म्हणून बर्फांत रुतत नाहींत. पिलें उघड्या डोळ्यांनीं व अंगभर केंसांसह जन्मतात. आई त्यांस बहुधा दिवसांतून एकदांच, तिन्हीसांजेच्या सुमारास, पाजून निघून जाते. हें निष्ठुरपणाचें दिसेल. पण ती जवळ घुटमळली तर कोल्ह्यास पिलांचा माग लागेल.

त्याचा मुख्य आसरा म्हणजे त्याचा रंग. उन्हाळ्यांत तो तपकिरी असतो. हिंवाळ्यापूर्वीं ते केंस गळून पांढरे येतात. वर सोनेरी गरुड घिरट्या घालीत असतां हा बर्फांत बर्फासारखा पडून राहतो. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, केंस पालटण्याची वेळ बर्फ पाहून ठरत नाहीं. ती मुख्यत्वें दिवसाच्या लांबीवरून ठरते. पृथ्वीवरील उष्णता वाढत चालली आहे, पण दिवसाची लांबी पूर्वींचीच आहे. सन २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सुमारें साठ वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या. तेव्हां असें आढळलें कीं, स्कॉटलंडच्या डोंगरांत बर्फ टिकण्याचे दिवस वर्षास महिनाभराहून अधिक घटले, तरी सशाचें केंस पालटणें तसूभरही सरकलें नाहीं. त्यामुळें पांढरा ससा काळपट हेदरावर उघडा पडतो, आणि संवयीप्रमाणें तेथेंच निश्चल बसून राहतो.

माणसांकडूनही त्याचा पुष्कळ संहार झाला. पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखलेल्या रानांत, त्याच्या अंगावरील गोचिडांनीं पक्ष्यांस रोग होतो ह्या समजुतीनें, त्यास मारीत असत. १ मार्च २०२१ पासून स्कॉटलंडांत परवान्यावांचून त्यास मारण्याची मनाई आहे.

शेजारच्या आयर्लंडांत बर्फ क्वचितच टिकतें. तेथें ह्याच जातीचे बहुतेक ससे हिंवाळ्यांतही तपकिरीच राहतात.