डोंगरउतारावरील धायटी : उपयोग आणि जोपासना

माघ-फाल्गुनात सह्याद्रीच्या उघड्या उतारांवरील अनेक झाडेझुडपे निष्पर्ण होऊ लागतात. त्याच सुमारास लालभडक फुलांनी डवरलेले एक झुडूप लक्ष वेधून घेते. ते म्हणजे धायटी. संस्कृत ग्रंथांत तिला धातकी, ताम्रपुष्पी, वह्निज्वाला अशी नावे आहेत. मेंदीच्या कुळातील या पानझडी झुडपाचे शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोजा असे असून त्याची उंची सामान्यतः १ ते ३ मीटर असते. खडकाळ, हलक्या जमिनीतही ते तग धरते.

धायटीच्या फुलांना आयुर्वेदात मोठे स्थान आहे. आसवे व अरिष्टे सिद्ध करताना काढ्यात वा रसात गूळ किंवा मध मिसळून ही वाळलेली फुले घालतात. फुलांतील मधुरसावर वाढणाऱ्या सूक्ष्म किण्वांमुळे मिश्रण आंबते आणि त्यातच मद्यार्क निर्माण होतो. हा मद्यार्क औषध टिकवण्यास साहाय्यभूत ठरतो. फुले तुरट असल्यामुळे अतिसारावरही ती परंपरेने योजली जातात. तथापि हा उपचार वैद्याच्या सल्ल्यानेच करावा. फुलांपासून कापडासाठी लाल रंग मिळतो, तर फुले व पाने यांतील टॅनिन कातडी कमावण्यास उपयोगी पडते. मधमाश्या आणि शिंजीर पक्षी मधासाठी या फुलांवर येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आपण ज्याला फूल म्हणून खुडतो, ती लाल नळी वस्तुतः पुष्पकोश होय. फळ धरल्यावरही ती गळून न पडता बोंडाला वेढून राहते आणि त्या बोंडातच बारीक बी पोसते. म्हणून सर्व फुले ओरबाडून नेली, तर पुढील पिढीचे बीजही त्यांबरोबर जाते. फांद्या मोडल्यास वा वणवा लागल्यास ही हानी अधिकच वाढते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासींना परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी हक्क दिला असून, वनसंरक्षणाचे अधिकार व कर्तव्येही ग्रामसभेकडे सोपविली आहेत. या तरतुदींच्या आधारे ग्रामसभांनी साधे नियम ठरवावेत : फांदी न मोडता फुले खुडावीत, प्रत्येक झुडपावर काही फुले बियांसाठी राखावीत, फुले सावलीत वाळवावीत आणि वणव्यापासून उतारांचे रक्षण करावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिवारातील धायटी दाखवून तिच्या बोंडातील बी पाहू द्यावे. ते बी एकदा पाहिलेला विद्यार्थी फुले खुडताना काही मागे ठेवण्याचे कारण सहज जाणेल.